वाचणारं यंत्र आणि मोडीचे रुमाल

इंटरनेट अर्काइव्हवर एखादं जुनं मराठी पुस्तक उघडलं, की काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या तपशिलात एक नोंद हमखास दिसायची. या भाषेतला मजकूर सध्या यंत्राला ओळखता येत नाही, अशा अर्थाची. पुस्तक समोर असायचं. मुखपृष्ठ, वाचनालयाचा गोल शिक्का, कुणीतरी समासात पेन्सिलीने केलेली खूण, सगळं स्वच्छ दिसायचं. पण चारशे पानांत साताऱ्याचा उल्लेख कुठे आहे हे पाहायचं, तर चारशेच्या चारशे पानं उलटण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संगणकाच्या लेखी ते पुस्तक नव्हतंच, चारशे छायाचित्रं होती. इंग्रजी किंवा फ्रेंच पुस्तक मात्र चढवलं, की थोड्याच वेळात त्यातला शब्दन् शब्द शोधता येत असे.

आपण ज्याला इतकी वर्षं मराठीचं डिजिटल ग्रंथालय म्हणत आलो, ते बव्हंशी असं छायाचित्रांचं कोठार होतं. या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डॉ. राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकं स्कॅन करण्याचा प्रकल्प उभा राहिला. भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यात मोठी जबाबदारी उचलली आणि त्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ साकारली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं, पण त्यातली लाखो पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर गेली आणि वाचली. त्यात मराठी पुस्तकांची संख्या मोठी आहे. मात्र त्यांची नावं रोमन लिपीत, टंकणाऱ्याला सुचेल तशा स्पेलिंगने भरलेली आहेत. एकच ग्रंथ दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेला सापडतो. लेखकाच्या जागी संपादक असतो, कधी जागा कोरीच असते. म्हणजे आतला मजकूर बंद आणि दारावरची पाटीही चुकीची. ज्यांनी ही पुस्तकं वाळवीच्या तोंडातून काढली त्यांचे उपकार मोठेच आहेत. पण पुस्तक वाचवणं वेगळं आणि ते वाचकाच्या हाती पोचणं वेगळं. ही दुसरी पायरी आपण आत्ता कुठे चढू लागलो आहोत, आणि ती शक्य होते आहे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे.

छापलेलं अक्षर ओळखण्याची जुनी रीत लॅटिन लिपीसाठी बेतलेली होती. प्रत्येक अक्षर सुटं करायचं आणि साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. इंग्रजीत अक्षरं मुळातच सुटी असतात. देवनागरीत शिरोरेखा सगळा शब्द बांधून ठेवते. ती पुसून अक्षरं वेगळी करावीत, तर ‘ख’चे ‘र’ आणि ‘व’ होतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची गर्दी. पुण्याच्या सी-डॅकने ‘चित्रांकन’ नावाची प्रणाली हिंदी-मराठीसाठी तयार केली होती आणि तिने वाट दाखवली. पण विटक्या कागदावर, झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईवर अशा प्रणाली फार लवकर अडखळत.

बदल झाला तो यंत्राने अक्षर सोडून ओळ वाचायला घेतली तेव्हा. न्यूरल नेटवर्कवर चालणारी प्रणाली अख्खी ओळ एका प्रवाहासारखी पाहते, आणि आधी शिकलेल्या असंख्य ओळींच्या आधाराने पुढे काय असेल याचा अंदाज बांधत जाते. टेसरॅक्ट ही मुळात १९८०च्या दशकात ह्यूलेट-पॅकर्डच्या प्रयोगशाळेत जन्मलेली प्रणाली. २००५ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीत तिने ही नवी पद्धत स्वीकारली. २०२०च्या सुमारास इंटरनेट अर्काइव्हने मजकूर ओळखण्याचं काम तिच्याकडे सोपवलं, आणि मराठी पुस्तकांवरची ती जुनी नोंद हळूहळू मागे पडू लागली.

यातून काय साधलं, हे अभ्यासकाला विचारावं. १८९७च्या प्लेगबद्दल त्या काळच्या आत्मचरित्रांत, मासिकांत, व्याख्यानांत कुणी काय लिहिलं हे शोधायचं, तर पूर्वी ती सगळी पुस्तकं वाचलेला एखादा जुना ग्रंथपाल गाठावा लागे. आता निदान कच्ची यादी हाती येते. ‘कच्ची’ म्हणण्याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘पुणे’ शोधलं तर ‘पुण्यास’ आणि ‘पुण्याहून’ सापडत नाही, कारण विभक्ती लागण्याआधी शब्दाचं रूपच बदलतं. यावरचा नवा उपाय आहे अर्थाने शोधण्याचा. प्रत्येक परिच्छेदाचं संगणक आकड्यांच्या एका लांब मालिकेत रूपांतर करतो. ज्यांचा आशय जवळचा, त्यांच्या मालिकाही एकमेकींच्या जवळ पडतात. मग ‘दुष्काळ’ विचारलं, की तो शब्द कुठेही नसलेला, पण अवर्षण, धारण महागणं, गुरं विकून गाव सोडणं यांबद्दलचा परिच्छेदही पुढे येतो. मराठीच्या जुन्या गद्यासाठी मला हा सगळ्यांत मोलाचा बदल वाटतो. आपल्या आजच्या शब्दांनी शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला प्रश्न विचारण्याची सोय त्यामुळे होते.

आणखी एका वाचकाची आठवण या चर्चेत फार क्वचित निघते. दृष्टिहीन माणसाला पानाच्या छायाचित्राचा काहीही उपयोग नाही. मजकूर अक्षररूपात आला, तरच त्याचा संगणक किंवा मोबाइल तो वाचून दाखवू शकतो. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांची देवाणघेवाण सोपी करणारा मराकेश करार २०१३ साली झाला आणि तो सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारत होता. २०१६ साली अशाच वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. छायाचित्रांत अडकलेली मराठी पुस्तकं मजकुरात उतरली, की त्यांना असे वाचक पहिल्यांदाच मिळतात. एवढ्या एका कारणासाठीही हा खटाटोप करायला हवा होता.

आता या वाटेवरचा खड्डा. जुनं यंत्र चुकायचं तेव्हा चूक डोळ्यांत भरायची. शब्दाच्या जागी अर्थहीन अक्षरांची खिचडी दिसली, की वाचकाला कळे, इथे मूळ पान बघायला हवं. नव्या, मोठ्या भाषिक प्रारूपांवर आधारलेली यंत्रं अशी चुकत नाहीत. त्यांना चित्र आणि भाषा दोन्ही येतात. अक्षर पुसट असलं, तर ती वाक्याला शोभेल असा शब्द तिथे बसवतात. कागदाला भोक असलं, तर भोकही भरून काढतात. कधी पुन्हा आलेली ओळ गाळतात, कधी लांबलचक वाक्य सावरून घेतात. निकाल इतका सफाईदार असतो की शंका येण्याचं कारणच उरत नाही.

मराठीत ही सफाई एका ठिकाणी फार नुकसान करते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि बहुतेक अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘त्यानें’, ‘घरें’ असं सर्रास आढळतं. ते अनुस्वार शोभेचे नव्हते. नपुंसकलिंगी रूप कोणतं, तृतीया कुठे आहे, अशा व्याकरणाच्या खुणा त्यांत होत्या. कोणत्या दशकात कोणत्या मुद्रणालयाने कोणतं लेखन पाळलं, हेही त्यावरून समजतं. नव्या यंत्राला शिकवलेली मराठी बहुतांशी आजची, वर्तमानपत्रांतली आणि इंटरनेटवरची. ते १८९०चं पान वाचतं आणि आजच्या शुद्धलेखनात उतरवून देतं. कथा वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही, कदाचित सोयच होते. पण कोशकाराच्या आणि भाषेच्या अभ्यासकाच्या हातून पुरावा जातो, आणि पुरावा गेल्याचं त्याला कळतही नाही. शिळाप्रेसवर छापलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत हे अधिक घडतं, कारण ती मुळात हातानेच लिहिलेली आणि दगडावरून उतरवलेली आहेत. तिथे यंत्राला अंदाज बांधायला वाव जास्त.

यावर शहाणपणाची पद्धत मराठी विकिस्रोतावर कधीचीच चालू आहे, आणि तिची जेवढी वाखाणणी व्हायला हवी तेवढी झालेली नाही. तिथे पुस्तकाचं मूळ पान आणि यंत्राने ओळखलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवतात. कुणी तपासलेलं नसेल, तर पान लाल. एका माणसाने तपासलं की पिवळं. दुसऱ्या माणसाने पुन्हा पडताळलं की हिरवं. वाचकाला एका नजरेत कळतं, आपण ज्यावर विसंबतो आहोत त्यावर किती डोळे फिरले आहेत. हे काम स्वयंसेवक करतात, बहुतेक जण नोकरी सांभाळून, रात्री. यंत्र कितीही हुशार झालं, तरी प्रत्येक डिजिटल ग्रंथालयाने हे तीन रंग आपल्याकडे आणावेत. मजकुरासोबत मूळ चित्र, तो कोणत्या यंत्राने आणि केव्हा वाचला याची नोंद, आणि माणसाने तपासला की नाही हे सांगणारी खूण. यातलं काहीही महाग नाही.

छापील पुस्तकांपुरतं हे झालं. महाराष्ट्राचा खरा साठा छापलेलाच नाही. तो मोडीत आहे.

सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि एका रात्रीत मोडी वाचक हा दुर्मीळ माणूस झाला. तहसील कचेऱ्यांत, शाळांच्या जनरल रजिस्टरांत, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत, महसुलाच्या दप्तरांत धूळ खात पडलेले कागद बाहेर आले. ते वाचणार कोण? जिल्हाधिकारी कार्यालयांनी मोडी जाणणाऱ्यांना शोधून शोधून बोलावलं. समितीने ५० लाखांहून अधिक नोंदी शोधल्या. अनेक जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं आपल्या संकेतस्थळांवर ठेवली. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काय, हा इथला विषय नाही. पण पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द पणतवाच्या शिक्षणाशी जोडला जाऊ शकतो, हे त्या दिवसांत गावोगावच्या लोकांनी पाहिलं. आणि तो शब्द त्या घरातल्या कुणालाही वाचता येत नव्हता.

मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी. लेखक आधी पानभर शिरोरेखा ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जातो. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिपीत नाही, तो वाचणाऱ्याने जाणून घ्यायचा. शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं, बोरू जाऊन टाक आला तेव्हाचं आंग्लकालीन वळण आणखी वेगळं. विल्यम कॅरे यांनी १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरला काढलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला होता, म्हणजे ही लिपी छापखान्यातही आली होती. पण छपाईत देवनागरी रुळली, मोडी हिशेबात आणि सरकारी दप्तरात राहिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळेतूनही गेली. संगणकाच्या युनिकोड प्रमाणात तिला स्थान मिळायला २०१४ साल उजाडलं.

२०२५ साली रुरकीच्या आयआयटीतल्या आणि पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मोडी वाचणाऱ्या यंत्रासाठी एक नमुनासंच प्रसिद्ध केला. त्यात मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि प्रत्येकीचं देवनागरी लिप्यंतर आहे. त्यावर शिकवलेलं ‘मॉस्कनेट’ नावाचं प्रारूप मोडी पान पाहून थेट देवनागरी मजकूर देतं. हे संशोधक लिप्यंतर न झालेल्या मोडी कागदांची संख्या सुमारे ४ कोटी धरतात. हिशेब केला तर वीस हजार कागदांमागे जेमतेम एक नमुना. सुरुवात म्हणून हे काम मोठं आहे आणि ते खुलं ठेवलं हे त्याहून मोठं. पण यंत्राची भूक या आकड्यात दिसते. शिकण्यासाठी त्याला आणखी कित्येक हजार पानं हवीत, आणि ती कुणीतरी जाणत्या माणसाने आधी वाचलेली हवीत.

इथे माझ्या मते आपल्याकडे एक संपत्ती पडून आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. या दोघांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी संशोधकांनी हजारो मोडी कागद देवनागरीत उतरवून ठेवले आहेत. मूळ कागदांचा मोठा भाग पुण्याच्या पुराभिलेखागारात, भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. छापील लिप्यंतर आणि मूळ कागद यांची जोडी लावली, तर यंत्राला शिकवण्यासाठी लागणारी उत्तरपत्रिका शंभर वर्षांपूर्वीच लिहून तयार आहे. काम किचकट आहे. संपादकांनी कुठे मायने गाळले, कुठे लेखन प्रमाणित केलं, काही कागद जागचे हलले. तरीही नव्याने हजारो पानं वाचून घेण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होईल. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. राजवाडे १९२६ साली गेले, सरदेसाई १९५९ साली. त्यांच्या श्रमांचा असा उपयोग करायला आता कायद्याची आडकाठी नाही.

हे स्वप्नरंजन नाही, हे डचांनी दाखवून दिलं आहे. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची आशियातून आलेली पत्रं आणि अहवाल हेग इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. सतराव्या-अठराव्या शतकातली वळणदार हस्ताक्षरं, पाच-दहा तज्ज्ञांच्या आयुष्यात वाचून होणार नाही इतका पसारा. ‘ग्लोबलाइज’ या प्रकल्पाने त्यातली सुमारे ५० लाख पानं यंत्राकडून वाचून घेतली आणि २०२३मध्ये मजकूर सर्वांसाठी खुला केला. त्याआधी माणसांनी हजारो पानं हाताने उतरवून यंत्राला दिली होती, हे महत्त्वाचं. आपल्याशी याचा संबंध थेट आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या त्या किनाऱ्यावरून कंपनीच्या बटाव्हियातल्या मुख्य ठाण्याला जात. महाराजांचं नाव डच कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं, नाना तऱ्हांनी लिहिलं आहे. पूर्वी हे कागद पाहायला युरोप गाठावं लागे आणि जुनी डच वाचावी लागे. आता सावंतवाडीतला विद्यार्थी घरबसल्या ती नावं शोधू शकतो, सापडलेल्या पानाचं भाषांतर यंत्राकडून करून घेऊ शकतो, आणि शेजारी मूळ पानाचं चित्र उघडून तपासूही शकतो. वेंगुर्ल्याबद्दल परक्यांनी लिहिलेलं शोधता येतं आणि पेशव्यांच्या स्वतःच्या दप्तरातलं शोधता येत नाही, ही स्थिती मला अस्वस्थ करते.

मोडीचा अवघडपणा अक्षर ओळखून संपत नाही. समजा, यंत्राने ‘अर्बा सबैन मया व अलफ’ हे शब्द बिनचूक वाचले. हे अरबी संख्याशब्द आहेत, एककापासून उलटे सांगितलेले. चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतं. पण सुहूर वर्ष मृगाला सुरू होत असल्याने कागद जानेवारी ते मेमधला असेल, तर ६०० मिळवायचे. पुढे ‘छ’ लिहून चांद्र तिथी आणि मुसलमानी महिन्याचं नाव. जमाखर्चाच्या कागदांत रुपये, आणे आणि अपूर्णांकांच्या खुणा वेगळ्याच. हे ज्ञान मोडी वाचकाच्या डोक्यात असतं, आणि ते यंत्राला कुणीतरी बसून शिकवावं लागेल. १७७३ हे नारायणरावांच्या खुनाचं वर्ष. पत्रात ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा त्याच खुनाभोवती रचली गेली. ती दंतकथा असेल. पण एका अक्षराने कागदाचा अर्थ कुठल्या कुठे जातो, याची समज मराठी माणसाला तिने दिली. यंत्र हा बदल कुणाचाही हेतू नसताना करू शकतं, आणि जमिनीच्या कागदात केला तर त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागेल.

म्हणून यंत्र आलं, आता मोडीचे वर्ग कशाला, असा सूर निघाला तर त्याला तिथेच थांबवायला हवं. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग चालवतात. त्यातून निघालेल्या प्रत्येक वाचकाला आता दोन कामं आहेत, कागद वाचणं आणि यंत्राने वाचलेला कागद तपासणं. दुसऱ्या कामाला पगार असलेलं पद आज कुठेही दिसत नाही. तंजावरला मराठा राजांच्या काळातले मोडी कागद आहेत. तिथे मोडीसोबत तमिळ परिसरातली नावं आणि शब्द येतात. त्यांच्यासाठी तर दोन्हीकडचं जाणणारी माणसं हवीत.

ग्रंथालयाचा आणखी एक भाग बदलतो आहे, तो म्हणजे सूची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली आणि ती १९४४ साली प्रसिद्ध झाली. आजही एखादं पुस्तक होतं की नव्हतं, हा वाद दातेसूची उघडून मिटवतात. तिच्या शब्दाला वजन आहे, कारण तिच्यामागे एका माणसाने आयुष्यभर केलेली छाननी आहे. आता पुस्तकाचा विषय ठरवणं, वर्गीकरण सुचवणं ही कामं यंत्र करू लागलं आहे. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने यासाठी ‘अन्निफ’ नावाची प्रणाली बनवून सर्वांना मोकळी दिली आहे. ते ठीकच आहे, ग्रंथपालाचा वेळ वाचेल.

पण वाचक आता सूचीकडे न जाता गप्पा मारणाऱ्या यंत्राला विचारतो, अमुक विषयावर मराठीत कोणती पुस्तकं आहेत? यंत्राला माहीत नसलं, तरी ते उत्तर देतं. मे २०२५मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापून आली. १५ पुस्तकांपैकी १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं यंत्राने रचलेली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अभिलेखागाराला तर जाहीर सूचना द्यावी लागली, की यंत्र आमच्याकडे नसलेल्या कागदांचे क्रमांकही सांगतं. मराठीत धोका अधिक आहे, कारण मराठी पुस्तकांबद्दलचा विश्वासार्ह मजकूर इंटरनेटवर थोडा आहे, आणि जिथे माहिती विरळ, तिथे यंत्राचा अंदाज मोकाट सुटतो. दातेसूचीसारख्या याद्या यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात, खुल्या, प्रमाण म्हणून ठेवल्या, आणि उत्तर देण्यापूर्वी त्याने तिथे पाहिलंच पाहिजे अशी रचना ग्रंथालयांनी केली, तर हे बरंच आवरता येईल.

राहिला प्रश्न मालकीचा. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०२५मध्ये हक्कमुक्त झालेली ९,८३,००४ पुस्तकं मजकुराच्या रूपात खुली केली. त्यात २४२ अब्ज टोकन, म्हणजे यंत्र मोजतं ते शब्दांचे तुकडे आहेत. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२मध्ये मराठीचा मोठा मजकूरसंच प्रसिद्ध केला, त्यात २८.९ कोटी टोकन होते. त्या गटाचं काम कौतुकाचं आहे, म्हणूनच ही तफावत बोचते. नॉर्वेची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००६पासून आपला सगळा संग्रह स्कॅन करायला घेतला. लेखक-प्रकाशकांच्या हक्कसंस्थेशी पैसे देऊन करार केला आणि २०००पर्यंतची पुस्तकं देशातल्या वाचकांना घरबसल्या खुली केली. पुढे त्याच ग्रंथालयाने नॉर्वेजियन भाषेची प्रारूपं स्वतः घडवली. हक्क असलेल्या मजकुराने यंत्राच्या कामगिरीत काय फरक पडतो, हेही २०२४मध्ये तपासून पाहिलं. फरक पडतो असं दिसल्यावर मोबदल्याची चर्चा मोघम राहिली नाही, तिला आधार मिळाला. आणि इकडे, २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारेच ८ कोटी ३० लाख होते.

दरम्यान बाहेरची यंत्रं वाट पाहत थांबलेली नाहीत. एप्रिल २०२५मध्ये विकिमीडियाने सांगितलं, की चित्रं आणि ध्वनिचित्रं उतरवून घेण्याचा त्यांच्यावरचा भार जानेवारी २०२४पासून ५० टक्क्यांनी वाढला आणि सर्वांत खर्चिक वाहतुकीतली ६५ टक्के यंत्रांची होती. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर जिल्ह्याच्या वाचनालयाने भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवलेला संग्रह अशा एका धाडीत कोसळेल. त्यावर कुलूप लावावं, तर पहिला अडतो खेड्यातला विद्यार्थी. राज्य पातळीवर एकत्र साठा, त्याची वेगळी प्रत यंत्रांसाठी, आणि व्यापारी वापराला शुल्क, हा मला न्याय्य मार्ग वाटतो. ते शुल्क मोडी वाचकांच्या पगाराला जावं.

हे सगळं दिवाळी अंकात लिहिताना एक गोष्ट राहून जाऊ नये. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक हा पहिला दिवाळी अंक मानतात. तेव्हापासून मराठीतल्या कितीतरी उत्तम कथा आणि दीर्घ लेख आधी दिवाळी अंकांत आले, आणि पुष्कळसे पुस्तकात कधीच आले नाहीत. हे अंक वाचनालयं वर्षभर फिरवतात आणि नंतर बरेचसे रद्दीत जातात. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, त्यात मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. तो कायदा छापील प्रतींचाच विचार करतो. १९९०नंतर अंक संगणकावर जुळू लागले, तेही श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉण्टमध्ये. त्या फाइलींत देवनागरी साठवलेली नसते, दुसऱ्याच अक्षरांचे संकेत असतात. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या, की निरर्थक चिन्हं दिसतात. छापील अंक हाती असेल, तर यंत्र तो वाचेल. नुसती फाइल उरली असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये फिरवावी लागेल, आणि त्या रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ते कुणीतरी तपासावं लागेल. ज्या संपादकांनी आणि मुद्रकांनी ते अंक जुळवले, त्यातले पुष्कळ जण अजून आहेत. त्यांच्या कपाटांत सीडी आहेत, काहींकडे फ्लॉपीही असतील, आणि या चकत्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या निकामी होत आहेत. त्या मागून घेणारी, उतरवणारी आणि पोच देणारी एक जागा राज्य मराठी विकास संस्थेसारख्या ठिकाणी उघडता येईल. यंदाच्या अंकांपासूनही सुरुवात होऊ शकते. अंक छापून आला, की संपादकाने युनिकोड मजकूर, पानांची पीडीएफ आणि प्रत्येक लेखकाची लेखी परवानगी, यंत्राला शिकवण्यासाठी मजकूर द्यायचा की नाही हे स्पष्ट विचारून घेतलेली, असं तिन्ही एकत्र जमा करावं.